मोरी शोगुनझुका : डोंगरसोंडेवरचं कोफुन कसं पाहावं

जपानमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दीड महिना राहायला जाणारे आईवडील आता आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांना क्योतोची देवळं दाखवतात, ओसाकाचा किल्ला दाखवतात, फुजी पर्वत लांबून दाखवतात. कोफुन, म्हणजे तिथली प्राचीन समाधीची टेकाडं, सहसा कुणी दाखवत नाही. "मातीचा ढीग आहे गं आई, त्यात काय बघायचं?" असं माझी लेकही म्हणाली होती. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, मातीच्या धरणांवर गेली. मातीचा ढीग म्हटलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, माती कुठून आणली, दाबली कशी, आणि सोळाशे वर्षांच्या पावसात ती वाहून कशी गेली नाही? या प्रश्नांसाठी मी नागानो प्रांतातलं मोरी शोगुनझुका हे कोफुन पाहिलं. लेकीकडे गेले की अजूनही तिथे जाते. ते कसं पाहावं हे इथे सविस्तर लिहिते आहे, कारण नीट पाहिलं तर जपानात यासारखी दुसरी जागा मला तरी सापडलेली नाही.

आधी थोडी पूर्वतयारी. कोफुन म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंत जपानात सरदार-राजांसाठी उभारलेली समाधीची टेकाडं. देशभरात ती दीड लाखांहून जास्त आहेत. गोल आहेत, चौकोनी आहेत, आणि सर्वांत मानाची म्हणजे एका बाजूला गोल व दुसऱ्या बाजूला पसरट चौकोनी. वरून पाहिलं तर जुन्या कुलपाच्या भोकासारखा आकार दिसतो. पुस्तकांत ओसाकाजवळच्या साकाई शहरातल्या दाइसेन कोफुनचं चित्र हमखास असतं. ते जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे आणि २०१९ साली तिथला सगळा समूह जागतिक वारसा यादीत गेला.

तरीही पहिलं कोफुन म्हणून दाइसेनला जाऊ नका. ते राजघराण्याची समाधी म्हणून राखलेलं आहे, आत पाऊल टाकता येत नाही. जमिनीवरून दिसतो तो पाण्याचा खंदक आणि पलीकडे गर्द झाडी. आकार कळत नाही, दगड दिसत नाही, बांधकाम तर अजिबात नाही. पहिलं कोफुन असं निवडा की ज्यावर चढता येईल, जे उत्खनन करून मूळ रूपात परत उभं केलेलं असेल, आणि शक्य असेल तर डोंगरावरचं. सपाटीवरचं कोफुन पाहताना नजर नुसती ढिगावर राहते. डोंगरावर असेल तर खालचं खोरं, नदी, शेतं सगळं त्याच्याबरोबरच पाहावं लागतं. आणि माझं ठाम मत असं की खोरं न पाहता कोफुन पाहणं म्हणजे लाभक्षेत्र न पाहता धरण पाहणं. ते कुणासाठी बांधलं हे कळतच नाही.

मोरी शोगुनझुका चिकुमा नावाच्या शहरात आहे. खालून चिकुमा नदी वाहते, जपानातल्या सर्वांत लांब नदीचा हा वरचा भाग. समोर झेन्कोजी मंदिराच्या नावाने ओळखलं जाणारं नागानोचं खोरं पसरलेलं आहे. नदीच्या पूर्वेच्या डोंगराची एक सोंड खोऱ्यात उतरते, तिच्या माथ्यावर हे टेकाड आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ४९० मीटर, आणि खालच्या शेतांपासून १३० मीटर उंच. लांबी सुमारे १०० मीटर, काळ चौथ्या शतकाचा. १९७१ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, आणि १९८०च्या दशकात सुरू झालेलं उत्खनन व पुनर्बांधणीचं काम १९९२ साली संपलं. एका समाधीवर दहा वर्षांहून जास्त काळ माणसं शांतपणे काम करत राहिली, हे लक्षात ठेवून वर चढा.

घरी बसून : समोच्च रेषा

जाण्याआधी अर्धा तास नकाशाला द्या. जपानच्या सरकारी नकाशा खात्याचा 'चिरीइन चिझु' हा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात समोच्च रेषा आहेत आणि उंचसखल भाग सावलीने दाखवणारा थरही लावता येतो. जपानी वाचता आलं नाही तरी रेषा सगळ्यांना सारख्याच. याशिरो स्थानक शोधा, तिथून पूर्वेच्या डोंगराकडे सरका. सोंड कशी खाली येते, कुठे अरुंद होते, कुठे वळते ते पाहा. टेकाड जिथे आहे तिथली सोंड सरळ नाही, जराशी वाकलेली आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर वर गेल्यावर निम्मं काम झालेलं असतं.

नकाशात डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंतची पट्टीही बघा. नदीच्या काठाला पुराच्या गाळाने तयार झालेली उंचवट्याची पट्टी असते, त्यावर वस्ती. तिच्या मागे सखल, पाणथळ जमीन, तिथे भातशेती. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही मांडणी हीच होती. कोफुन कुठून दिसावं म्हणून बांधलं, याचं उत्तर याच पट्टीत आहे.

पोहोचायचं कसं

टोकियोहून नागानोला शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण दीड तास. नागानोहून शिनानो रेल्वेची गाडी पकडून याशिरोला उतरायचं, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. परदेशी पाहुण्यांचा रेल्वे पास शिनोनोई स्थानकापर्यंतच चालतो, पुढचा मार्ग वेगळ्या कंपनीचा, त्यामुळे तेवढं तिकीट वेगळं काढावं लागतं. याशिरोहून पायथ्यापर्यंत पंचवीस मिनिटं सपाट चाल. गाडी असेल तर प्रश्नच नाही, डोंगराच्या पायथ्यालगतच द्रुतगती महामार्ग जातो.

सोमवार टाळा. जपानातली बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मोसमाचं म्हणाल तर मला एप्रिल आवडतो. मोरी हा भाग जर्दाळूंच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळा उतार फिक्या गुलाबी रंगाने भरून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगला. डिसेंबर ते मार्च बर्फ असतो, आणि ज्यांना बर्फात चालायची सवय नाही त्यांनी त्या दिवसांत वर जाण्याचा हट्ट करू नये.

आधी शेतात उभं राहा

पायथ्याशी पोहोचल्यावर लगेच वर जायचं नाही. स्थानकाकडून येताना मध्येच कुठेतरी, जिथे समोर घरं आड येत नाहीत, तिथे थांबा आणि डोंगराकडे पाहा. झाडीच्या वर सोंडेच्या टोकाशी एक फिकट, दगडी रंगाचा पट्टा दिसतो. तेच ते.

आता त्या काळातल्या भात लावणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहा. आज आपल्याला घडवलेल्या दगडाची, सिमेंटची इतकी सवय आहे की डोंगरावरचा पट्टा नजरेत भरत नाही. चौथ्या शतकात या खोऱ्यात गवताने शाकारलेली घरं होती, लाकडी कोठारं होती. त्या हिरव्या-मातकट जगात डोंगराच्या कडेवर १०० मीटर लांबीचा, दगडांनी मढवलेला, उन्हात चमकणारा आकार! कुठल्याही शेतातून मान वर केली की तो दिसणारच. आपला राजा कोण, त्याच्यानंतर गादीवर कोण बसलं, आणि हे पाणी-जमीन कुणाच्या हुकमात आहे, हे रोज सकाळी न बोलता सांगणारी ही जागा.

टेकाड सपाटीवर का नाही, याचं खात्यातल्या माणसाला सुचणारं उत्तरही सांगते. सखल जमीन भाताची, ती अडवायची नाही. आणि पुराची भीती. या नदीचा इतिहास मोठा आहे. ८८७ साली मोठा भूकंप झाला, यात्सुगाताके पर्वताचा कडा कोसळून नदीच्या वरच्या खोऱ्यात नैसर्गिक बांध तयार झाला, मागे तळं साचलं. ८८८ साली तो बांध फुटला आणि पुराच्या वाळूने इथली भातखाचरं गाडली गेली. ती खाचरं बांधांसकट पुरातत्त्वाच्या उत्खननात या परिसरात सापडली आहेत. मातीच्या बांधांवर काम केलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. अलीकडे ऑक्टोबर २०१९च्या वादळात याच नदीचा तट नागानो शहराजवळ फुटला, तेव्हा डेपोत उभ्या शिनकान्सेनच्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या. सोंडेवरच्या टेकाडाला यातल्या कशाचीच झळ लागली नाही.

मग संग्रहालय, डोंगर नंतर

बरेच लोक उलट करतात. आधी वर धावतात, खाली येईपर्यंत दमलेले असतात आणि संग्रहालय पाच मिनिटांत उरकतात. असं करू नका. वर चढल्यावर समाधीची कोठडी दिसत नाही, ती तुमच्या पायाखाली बंद आहे. तिची हुबेहूब, पूर्ण मापाची प्रतिकृती पायथ्याच्या मोरी शोगुनझुका कोफुन संग्रहालयात आहे. ती पाहून वर गेलात तरच पायाखाली काय आहे ते कळतं.

कोठडीची मापं : लांबी ७.६ मीटर, रुंदी २ मीटर, उंची २.३ मीटर. या प्रकारच्या कोठड्यांत जपानातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. हा प्रकार नीट समजून घ्या. सुरुवातीच्या कोफुनांत कोठडीला दार नसे. टेकाडाच्या माथ्यावर वरून खड्डा घ्यायचा, तळ तयार करायचा, शवपेटी ठेवायची, चारही बाजूंनी भिंती उचलायच्या, वर मोठ्या शिळा टाकून झाकायचं आणि माती भरायची. एकदा झाकलं की कायमचं. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात बाजूने वाट असलेल्या खोल्या आल्या, त्यांत एका घरातली अनेक माणसं वेळोवेळी ठेवता येत. मोरीचं बांधकाम त्या आधीचं, एका माणसासाठीचं.

एका माणसाला साडेसात मीटर कशाला, असा प्रश्न सगळेच विचारतात. त्या काळातल्या अशा समाध्यांत लांबच लांब झाडाचा बुंधा उभा चिरून, दोन्ही अर्ध पोखरून शवपेटी करायची पद्धत होती. पेटी लांब म्हणून कोठडी लांब.

प्रतिकृतीसमोर दहा मिनिटं द्या आणि भिंत खालून वर वाचा. चपटे दगड, चुना नाही, माती-सिमेंट नाही, सगळं कोरडं रचलेलं. पाहायचं ते हे : खालच्या दोन दगडांमधल्या दरजेवर वरचा दगड येतो का? येतो. आपले गवंडी ज्याला सांधेमोड म्हणतात ती इथे पाळलेली आहे. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत गेलेली आहे की बाहेर दिसते? पोकळ्यांत चिपा कशा ठोकल्या आहेत? इतक्या उंचीची कोरडी भिंत मागून मातीचा दाब येत असताना उभी ठेवणं सोपं काम नाही. मजा अशी की ज्या खड्ड्यात ही कोठडी बांधली, त्या खड्ड्याच्या बाजूंनाही दगडी भिंत आहे. म्हणजे एका दगडी हौदात दुसरी दगडी खोली. खोदाईच्या बाजू ढासळू नयेत याची इतकी काळजी घेतलेली पाहून मला त्या अनाम मुकादमाला भेटावंसं वाटलं. आतून भिंतींना लाल रंग दिलेला होता. लाल रंग अशुभ दूर ठेवतो अशी त्या काळची समजूत होती.

कोठडी फार पूर्वीच चोरांनी फोडलेली. तरी आरशाचे तुकडे, मणी, लोखंडी हत्यारं मिळाली. आरसा ब्राँझचा, पाठीवर देव आणि प्राण्यांची उठावाची नक्षी, कडा त्रिकोणी. असे आरसे त्या काळी यामातोच्या, म्हणजे आजच्या नारा भागातल्या सत्तेशी नातं असलेल्या सरदारांकडे सापडतात. शे-दोनशे मैलांवरच्या डोंगराळ शिनानोत, म्हणजे आजच्या नागानोत, तो आरसा पोहोचला होता, यावरून इथल्या माणसाचं वजन कळतं. लोखंडाची हत्यारं पाहताना नागपूरकडच्या वाचकांना जुनापाणी आणि माहुरझरीची शिळावर्तुळं आठवतील. तिथेही मेलेल्याबरोबर लोखंड पुरलेलं आहे, आणि तेही याच्या कित्येक शतकं आधी.

समाधीतल्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही. शोगुनझुका म्हणजे सेनापतीचं टेकाड हे लोकांनी पुष्कळ नंतर दिलेलं नाव, खऱ्या शोगुनांचा काळ यानंतर आठशे वर्षांनी येतो.

शेजारीच नागानो प्रांताचं इतिहास संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. वेळ असेल तर तेही करा. महामार्गाच्या कामावेळी याशिरोला सापडलेल्या, शाईने लिहिलेल्या सातव्या-आठव्या शतकातल्या लाकडी पट्ट्या हे तिथलं खरं धन आहे. बाहेर उद्यानात कोफुन काळातल्या वस्तीची घरं परत बांधून ठेवली आहेत. जमिनीत अर्धी खोदलेली, वर गवताचं छप्पर. आत वाकून जा, मध्ये उभे राहा आणि मग दारातून डोंगराकडे पाहा. कोठडी आणि हे घर, दोन्ही कोफुन काळातली.

चढण

पायवाट साधारण वीस मिनिटांची, मधूनमधून तिरपी चढण. गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये. हिवाळा सोडून एरवी संग्रहालयापासून वर छोटी बस जाते, तिची चौकशी तिकीट काढतानाच करा. माझा सल्ला असा की शक्य असेल तर जाताना चाला आणि येताना बस घ्या. चालताना डाव्या-उजव्या बाजूला कापलेल्या दरडीत मूळ खडक दिसतो. वर भराव किती आणि मूळ डोंगर किती हा प्रश्न मनात ठेवून त्याकडे पाहा.

काही गोष्टी सोबत हव्यातच. नागानोच्या डोंगरांत काळी अस्वलं आहेत, म्हणून पिशवीला घंटा बांधतात. ती घंटा तिथल्या दुकानांत सहज मिळते. शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाशा असतात. त्या काळ्या रंगाकडे आणि अत्तराच्या वासाकडे येतात, म्हणून फिके कपडे घाला आणि सेंट लावू नका. पूर्ण पायाची पँट, कारण गवतात गोचिडी असतात. पाणी खालूनच घ्या. शाकाहारी असाल तर नागानो स्थानकावर भोपळ्याचं सारण भरलेल्या ओयाकी मिळतात, दोन घेऊन ठेवा. मात्र खाणं टेकाडावर नको, खाली उतरल्यावर. ती समाधी आहे.

वर : एक पूर्ण फेरी, मग माथा

वर आल्यावर पहिल्यांदा माथ्यावर चढायचं नाही. पायथ्याच्या कडेने पूर्ण फेरी मारा. आपल्याकडे देवळात प्रदक्षिणा घालतो त्या गतीने, घाई न करता.

फेरीत पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे वाकडेपणा. पुस्तकातली कोफुनं काटेकोर सममित असतात. हे तसं नाही. गोल भाग नीट गोल नाही आणि लांबीचा अक्ष मध्ये वाकलेला आहे. नकाशात पाहिलेलं सोंडेचं वळण आठवतं ना? जागा अरुंद, दोन्ही बाजूंना उतार, तरी १०० मीटर लांबी हवी. म्हणून आकाराने डोंगराचं ऐकलं. जमीन सपाट करून आदर्श आकार बसवण्यापेक्षा सोंडेचाच गाभा घेतला, कुठे कापलं, कुठे भरलं. डोंगरी कामात कापणी आणि भराव जुळवून घेणं ही आमच्या खात्याची रोजची कसरत. ज्याने हे आखलं त्याने मुख्य गोष्ट सोडली नाही : शेतांकडून पाहणाऱ्याला लांबी पूर्ण दिसली पाहिजे. मागून कोण मोजतंय? मला हे कोफुन परिपूर्ण कोफुनांपेक्षा जास्त आवडतं ते यासाठीच. यात आखणाऱ्याचा विचार उघडा दिसतो.

दुसरी गोष्ट दगड. उतारावर दगड बसवलेले आहेत, त्याला फुकिइशी म्हणतात. मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या उताराला आम्ही दगडी पिचिंग करतो, तीच कल्पना. पाऊस थेट मातीवर पडत नाही, ओघळ पडत नाहीत, गवताची-झाडांची मुळं सहजी शिरत नाहीत, आणि उतार जरा जास्त तीव्र ठेवता येतो. वाकून पाहा. उताराच्या तळाशी मोठे दगड ओळीने, सरळ रेषेत बसवलेले असतात, त्यांच्या आधाराने वरचे लहान दगड. आणि मध्येमध्ये उभ्या रेषेत जरा मोठे दगड दिसले तर थांबा. बऱ्याच कोफुनांत अशा उभ्या रेषा सापडतात, त्या एकेका टोळीला नेमून दिलेल्या कामाच्या हद्दी असाव्यात असं अभ्यासक मानतात. आमच्याकडेही पिचिंगचं काम पट्टे आखूनच वाटून देतात. दगड गोल असेल तर नदीतला, कोनेरी असेल तर डोंगरातला, हे कुठल्याही कोफुनावर स्वतः ठरवायची सवय लावून घ्या. नदीतला दगड १३० मीटर वर नेणं म्हणजे काय, हे तुम्ही नुकतेच चढून आल्यामुळे समजेल.

ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, दगडांच्या ओळी आणि टप्प्यांच्या कडा सावलीमुळे ठळक होतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

तिसरी गोष्ट हानिवा. कडेने उभ्या केलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या म्हणजे हानिवा. इथे उभ्या आहेत त्या प्रतिकृती, मूळ तुकडे संग्रहालयात. हानिवा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चिलखत घातलेला योद्धा किंवा घोडा येतो. ते इथे शोधू नका. माणसांच्या आणि घोड्यांच्या आकृती नंतरच्या, मुख्यतः पाचव्या-सहाव्या शतकातल्या. त्या आधीच्या काळात नळ्या आणि वर फुलासारखं तोंड पसरलेले आकार, शिवाय घर, ढाल असे मोजके आकार. पश्चिमेकडच्या किबी भागात, म्हणजे आजच्या ओकायामाकडे, समाधीवर मोठे रांजण ठेवायला जे मातीचे स्टँड वापरत त्यांच्यापासून ही पद्धत वाढली. नळीच्या बाजूला भोकं आहेत ती पाहा, आणि बुडखा भरावात गाडलेला आहे तोही. ओळीने एकमेकांना लागून उभ्या राहिल्या की त्यांचं कुंपण होतं : याच्या आत मेलेला राजा, बाहेर बाकीचे.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. टेकाडाच्या कडेला आणि आजूबाजूला लहान लहान समाध्या आहेत. दगडी फरश्या उभ्या करून केलेल्या पेट्या साठाहून जास्त सापडल्या, काही ठिकाणी तर हानिवाच्या नळ्याच शवपेटी म्हणून वापरल्या, शिवाय छोटी गोल टेकाडं. राजाच्या पायाशी जागा मिळावी म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या इथे येत राहिली. त्यांतल्या काही पेट्या इतक्या आखूड आहेत की बाजूला उभं राहून मला बराच वेळ हलवेना.

आता माथ्यावर जा. गोल भागाच्या वर, मध्यावर उभे राहिलात की कोठडी तुमच्या खाली आहे. इथून रुंद भागाच्या टोकापर्यंत पावलं मोजत चाला. स्वतःचं पाऊल किती सेंटिमीटरचं ते घरी मोजून ठेवलं असेल तर अंतर स्वतः काढता येतं, आणि फलकावर वाचलेल्या आकड्यापेक्षा तो आकडा जास्त लक्षात राहतो. मग खोऱ्याकडे तोंड करा. नदी, तिच्या काठची वस्ती, मागची शेतं, रेल्वे, महामार्ग. नदीपलीकडच्या डोंगरात कावायानागी शोगुनझुका नावाचं दुसरं मोठं कोफुन आहे, सुमारे ९३ मीटर लांब, तेही सोंडेवरच. म्हणजे खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सत्तेची दोन ठाणी. दोन्ही एका घराण्याची की चढाओढीची, यावर वाद आहेत. वर उभं राहून स्वतः अंदाज बांधायला हरकत नाही.

कामाचा अंदाज हवा असेल तर एक आकडा सांगते. जपानातल्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने १९८५ साली दाइसेनचा हिशोब मांडला. जुनी अवजारं वापरून, रोज जास्तीत जास्त २००० माणसं लावून, १५ वर्षं ८ महिने, एकूण ६८ लाखांहून अधिक मनुष्यदिवस. मोरी त्यापुढे खूप लहान आहे. पण दाइसेनची माती सपाटीवर वाहिली, इथला बराच माल चढणीने आला. आमच्या दर-सूचीत चढावासाठी वेगळा दर असतो, तो उगाच नसतो.

पायांत त्राण असेल तर त्याच डोंगररांगेत आणखी वर आरियाकेयामा शोगुनझुका आहे, ३७ मीटरांच्या आसपास. लहान आहे, पण मोठं पाहून झाल्यावर लगेच पाहिलं की एका घराण्याची ताकद कशी वाढली-घटली असेल याचा विचार सुरू होतो.

कोबे-ओसाकाकडे असाल तर

सगळ्यांना नागानोला जाणं जमत नाही. कोबेला तारुमी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर गोशिकिझुका आहे. चौथ्या शतकाच्या अखेरचं, १९४ मीटर लांब, समुद्राकडे तोंड असलेल्या उंचवट्यावर. १९६५ ते १९७५ या काळात ते मूळ रूपात परत बांधलं. तीन टप्पे, आणि अंगावर सुमारे २२ लाख दगड असावेत असा हिशोब आहे. त्यांतले वरच्या टप्प्यांचे दगड समोरच्या आवाजी बेटावरून आणलेले. माथ्यावर उभं राहिलं की समोर आकाशी सामुद्रधुनी आणि तिच्यावरचा झुलता पूल. इथे खोऱ्याच्या जागी समुद्राची वाट आहे, पण पाहायचा क्रम तोच : आधी लांबून, मग तळाची फेरी, मग दगड, मग हानिवा, शेवटी माथा. मोरीला आकार वाकलेला आहे, इथे तो सरळ आणि प्रशस्त आहे. दोन्ही पाहिलीत तर जागेने आकारावर काय केलं ते लगेच समजतं.

काही नियम

दगड उचलायचा नाही, खिशात खापराचा तुकडाही टाकायचा नाही. हानिवाला टेकून फोटो नको. राजघराण्याने राखलेल्या कोफुनांना कुंपण आणि लाकडी फलक असतो, तिथे बाहेरूनच नमस्कार. लहान कोफुनं पुष्कळदा कुणाच्या तरी फळबागेत किंवा परसात असतात. तिथे मालक दिसला तर मान लववून परवानगी विचारा, शब्द आले नाहीत तरी हाताने दाखवलं की कळतं. फलकावर कोफुन हा शब्द कांजीच्या दोन अक्षरांत लिहितात, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. गावातून जाताना कुठल्याही झाडाच्या राईशी ती दोन अक्षरं दिसली की उतरून पाहता येतं.

परतीच्या गाडीचं एक सांगायचं राहिलं. याशिरोहून गाड्या शहरातल्यासारख्या दर पाच मिनिटांनी नसतात. उतरल्यावर लगेच परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या, आणि स्थानकापर्यंतच्या चालीसाठी अर्धा तास हातात धरा. एप्रिलमध्ये गेलात तर वाटेत जर्दाळूच्या बागांपाशी थांबावंसं वाटणारच, तेव्हा एक गाडी नंतरची धरा. सुकवलेले जर्दाळू मिळाले तर घ्या. आंबट असतात, पण आमटीत चिंच-कोकमाच्या जागी चांगले लागतात, हे लेकीच्या घरी करून पाहिलेलं आहे.